वारं लागू नये म्हणून

आमच्या बाबांना वायरींचं सगळं कळतं, त्यामुळे नळ्यांचंही कळतं असा त्यांचा समज आहे. शेषराव लाइनमन म्हणून खांबांवर जन्म गेला, आणि आता निवृत्त होऊन अकोल्याच्या घरात दिसेल ती वस्तू उघडून बसतात. त्या हिवाळ्यात त्यांच्या हाती न्हाणीतला गॅसचा गीझर लागला. फार जुना होता. त्याच्या पोटात एक बारकी ज्योत सतत जळत राहायची, तिला पायलट म्हणतात. नळ सोडला की तिच्यावरून मोठा जाळ पेट घ्यायचा. ती ज्योतच टिकत नव्हती. मी पाटावर बसले, आईनं दार लावलं, अंगावर थोडं पाणी पडलं, की विझली.

मी बाळंतपणाला माहेरी आले होते. माझा नवरा कुंदन मला अमरावतीहून आणून सोडून गेला होता. बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. मी हे असं सरळ सांगते तेव्हा लोकांना वाटतं, ही वर्षाली बाई आहे का दगड. मलाही तेच वाटायचं. ताट पुढ्यात आलं की जेवायचे, झोप म्हटलं की झोपायचे, आणि कुंदनचा फोन आला की "हो, बरी आहे" म्हणायचे.

आईचं तसं नव्हतं. शेजारच्या कौशल्याकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "आता काहून एवढं करतं व शालू?" त्यावर आईनं ऐकवलं, "लेकरू नाई, तरी बाळंतीण त हायेच ना ते." मग तेल लावणं, शेक, ओव्याची धुरी, कानात कापूस, डोक्याला फडकं. अंगाला वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. आणि या सगळ्याचा राजा म्हणजे कढत पाण्याची आंघोळ. आई सकाळी उठायची ती त्या आंघोळीसाठी. ती थांबली असती तर आईजवळ माझ्यासाठी करण्यासारखं काही उरलं नसतं, आणि मग तीही माझ्यासारखी भिंतीकडे बघत बसली असती. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं, भीती फक्त तेवढी एक वाटायची.

दुसरे उपाय करून झाले होते. शेगडीवर पातेलं ठेवलं, तर उचलताना आईच्या पायावर सांडलं. बादलीत टाकायच्या हीटरचं नाव काढताच बाबा उखडले. "वल्ल्या जागी करंट? खांबावर मी का फुलं तोडत होतो जन्मभर?" म्हणजे गीझरच दुरुस्त करणं आलं.

बाबांनी पिनेनं पायलटचं भोक साफ केलं. सिलेंडर बदलला, नळी बदलली. शेवटी गीझर दुरुस्त करणाऱ्या मनोजला बोलावलं. "जयभीम काका" म्हणत तो आला, आतली एक तार बदलली, ज्योत पेटवली आणि न्हाणीच्या दारात उभा राहून चहा प्यायला. दार सताड उघडं, ज्योत अगदी शहाण्या मुलीसारखी जळत होती. "आता पाहा काका, वरीसभर हलत नाई," म्हणाला. दुसऱ्या सकाळी आईनं दार लावलं आणि ज्योत गेली.

"वारं येऊन राह्यलं कुठून तरी," बाबांनी निदान केलं. ज्योत विझली म्हणजे वारा, यात शंका घ्यायची कोणाला गरज वाटली नाही. आमच्या घराचं तेव्हा वाऱ्याशी तसंही वाकडंच होतं. बाबांनी दाराखालच्या फटीत पोतं सारलं. वरची झडपांची खिडकी आईनं काहीबाही कोंबून बुजवली. त्यानंतर ज्योत जास्तच लवकर विझायला लागली, म्हणून त्यांनी आणखी फटी शोधल्या. रोगापेक्षा इलाज जालीम म्हणतात ना, ते हे.

आंघोळ झाली की माझं डोकं जड व्हायचं. खरं सांगू, मला ते आवडायचं. जड डोक्यात विचार शिरत नाहीत. आईचंही दुखायचं, पण ती कपाळाला बाम चोळायची आणि जागरणाला दोष द्यायची.

एक दिवस आई माझ्या पाठीवर पाणी ओतत होती. मधेच धार थांबली. तांब्या फरशीवर पडला आणि आई भिंतीला टेकून खाली बसली.

"आई?"

"काई नाई. गरगरलं जराशिक."

मग मी पुन्हा हाक मारली तर ती बोलली नाही. मी वर पाहिलं. ज्योत पिवळी, लांब झाली होती आणि जागेवरून सुटल्यासारखी हलत होती. मग गेली. तिथं वाऱ्याची झुळूक शिरायलाही जागा नव्हती, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या ज्योतीला हवा पुरत नव्हती. आम्हालाही पुरत नव्हती.

मी उठले. दार उघडलं, आईच्या काखेत हात घातले आणि तिला ओढत अंगणात आणलं. ओल्या गाऊनवर, डोकं उघडं. बाबांना एवढ्या जोरात हाक मारली की कौशल्याकाकूही आल्या. बाबा धावत आले, गॅस बंद केला, आईच्या तोंडावर पाणी मारायला लागले, आणि त्या गडबडीतही मला म्हणाले, "तू आंदर जाय, वारं लागन."

माझं डोकं फिरलं. आईनं डोळे उघडलेले पाहिले, मग न्हाणीत जाऊन बादली पालथी घातली, वर चढले आणि खिडकीत कोंबलेलं सगळं ओढून काढलं. तो नुसता चिंध्यांचा बोळा असेल असं मला वाटलं होतं. ती दुपटी होती. आईनं जुन्या मऊ पातळांची शिवलेली, काठांना रंगीत दोरा घातलेली, एकदाही न वापरलेली. काजळी धरून काळी झाली होती.

मी ती हातात घेऊन अंगणात आले. "आई, हे काहून कोंबले?"

आई म्हणाली, "पेटी उघडली का तेच दिसते. फेकवत नाई. कोनाले देववत नाई. मनलं, तुले वारं तरी नाई लागनार."

बाबांनी खाली बघितलं. कौशल्याकाकू रिक्षा आणायला गेल्या.

डॉक्टरांनी आईला ऑक्सिजन लावला आणि आम्हा सगळ्यांची खरडपट्टी काढली. कोंदलेल्या जागेत गॅसचा गीझर, तुम्ही आज जिवंत घरी जाताय हेच नशीब, म्हणाले. घरी आल्यावर बाबांनी गीझर भिंतीवरून उतरवला आणि पहिल्यांदाच एखादी वस्तू न उघडता बाजूला ठेवली.

दुपारी आई बाजेवर पडली होती. मी अंगणातल्या नळाखाली घमेलं ठेवलं आणि दुपटी भिजत घातली. पाणी बर्फासारखं होतं. बाळंतिणीनं थंड पाण्यात हात घालायचा नसतो, आणि आईचे डोळे उघडे होते. मला वाटलं, आता ओरडेल. पण ती उठली, भिंतीला धरत धरत आली आणि माझ्यासमोर बसून एक दुपटं चोळायला लागली. काजळी पूर्ण निघाली नाही.

मी ती दोरीवर वाळत घालायला घेतली तेव्हा मात्र तिनं माझा हात धरला. "रस्त्यावरून दिसते व. लोकाईले वाटन, घरात लेकरू हाये."

"होतं ना आई," मी म्हणाले. इतक्या दिवसांचं सगळं एकदम आलं. मी तिथंच दोरीला धरून मोठ्यानं रडले. आई माझ्या हातातली दुपटी घेऊन एकेक वाळत घालत राहिली.