खोट माझ्यात नव्हती

मी सांधा. खऱ्या रेल्वेचा नव्हे, धामणगाव बढ्यातल्या एका ओसरीवर, फळीवर मांडलेल्या खेळण्यातल्या रेल्वेचा. एका लाइनीवरची गाडी शेजारच्या लाइनीवर न्यायची, एवढंच माझं काम. पण लहान म्हणून हसाल तर याद राखा. मी नसेन तर गाडी जन्मभर एकाच लाइनीवर गरगरत राहील.

माझा जन्म रॉकेलच्या डब्यातून झाला. घरधनी रंगराव मलकापूर स्टेशनावर सांधेवाले होते. महाराष्ट्र झाला त्याच सुमारास ते निवृत्त होऊन गावी आले. येताना एका ड्रायव्हरनं दिलेलं, विजेवर पळणारं इवलं इंजिन घेऊन आले. रूळ घरीच करायचे ठरले. त्यांची सून कोकिळा पत्रा कापण्यात मोठी पटाईत. मला तिनंच कापलं, वाकवलं आणि खिळे ठोकून फळीवर बसवलं. मी तिच्या हातचा आहे, हे ठणकावून सांगतो.

मग तारा जोडायच्या होत्या. मोटारीच्या जुन्या बॅटरीवरून दोन तारा या लाइनीला, दोन त्या लाइनीला.

"तांबडी तार उजव्या हाताच्या रुळाले, काळी डाव्या," रंगरावांनी सांगितलं.

आता सासऱ्याच्या शेजारी सून कशी बसणार? ती पदर सावरून फळीच्या पलीकडं, त्यांच्या समोर बसली. रंगरावांनी अलीकडच्या लाइनीला, तिनं पलीकडच्या, अशी दोघांनी आपापल्या उजव्या हाताच्या रुळाला तांबडी तार जोडली.

दोन्ही लाइनींवर इंजिन छान पळालं. मग गाडी पलीकडं न्यायला मला वळवलं आणि चर्रकन ठिणगी उडाली. तारा तापल्या, इंजिन जागीच थांबलं. पुन्हा वळवलं, पुन्हा तेच.

खापर फुटलं माझ्यावर. आणि माझ्यावरून तिच्यावर.

"बाईच्या हातचा सांधा तो," सासू सत्यभामाबाई म्हणाल्या. "आजपासून हिनं पक्कड धराची नाही. चूल सोडून काऊन बसते इथं?"

कोकिळेचे डोळे भरून आले. पत्रा कापताना बोटं चिरली तेव्हाही ती रडली नव्हती. मला असा संताप आला म्हणून सांगू. रंगरावांनी मला उपटायला पक्कड लावली, तर मी खिळे घट्ट धरून बसलो. उपटा म्हटलं, पण फळीचा ढलपा घेऊनच निघेन.

तेवढ्यात कोकिळा उठली. फळीला वळसा घालून आली आणि सरळ सासऱ्याच्या शेजारी बसली.

"अवं, लाज हाय का नाही तुले?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"लाज नंतर पाहू, आत्याबाई. मामाजी, हे पाहा. मी तिकडं बसली होती, तं माहा उजवा हात तुमच्या डाव्या हाताकडं येते. माही तांबडी तार उलट्या रुळाले लागली. सांधा वळवला का तांबडी अन् काळी एकमेकीले भिडते. त्यात सांध्याचा काय गुन्हा?"

रंगरावांनी एकेक तार बोटानं रुळापर्यंत तपासली. मग हातातली पक्कड त्यांनी तिला दिली.

"बदल तारा. अन् इथंच बसून बदल."

तिनं तारा बदलल्या, मला वळवलं. इंजिन माझ्या अंगावरून खडखडत पलीकडच्या लाइनीवर गेलं. सत्यभामाबाई दारातून बघत होत्या. "गेलं वाटते," एवढंच म्हणाल्या.

आता मी गंजलोय. कोकिळेचा नवरा पंजाबराव म्हणतो, हा काढून टाकू, विकतचा बसवू. खुशाल म्हणू द्या. मला काढायला पक्कड लागते, आणि या घरातली पक्कड कोकिळेकडं असते.