सतरा एक

सतरा वेळा एक लिहिला की जी संख्या होते ती हातानं फोडायची, असं गणपती मास्तरांनी निवृत्तीच्या दिवशी ठरवलं. ती संयुक्त आहे, म्हणजे लहान संख्यांच्या गुणाकारातून झालेली आहे, एवढं त्यांनी वाचलं होतं. त्या कोणत्या, ते शोधायचं होतं. "फुटली की पन्हाळ्याला राहायला जाऊ," असं त्यांनी बायकोला, यल्लव्वाला, सांगितलं. तिला दमा होता आणि तिच्या वडलांचं घर तिथं कुलूप लावून पडलं होतं. मास्तर दिलेल्या शब्दातून तसूभर हलत नाहीत, हे सगळ्या शाहूपुरीला ठाऊक होतं. तोच तर घोटाळा झाला.

नऊ वर्षं गेली. चौतीसनं भागल्यावर एक उरतो असेच भाजक तपासायचे, एवढी काय ती सवलत. मास्तर रोज डझनभर भागाकार करायचे आणि यल्लव्वा नऊ टाकून ताळा बघायची: अंकांची बेरीज करायची, त्यातले नऊ वगळायचे, दोन्हीकडं सारखंच उरलं की बरोबरची खूण. चौथी शिकलेली बाई, पण एक ताळा चुकवला नाही तिनं. गेल्या दिवाळीत तिची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून ती दुसऱ्या मजल्यावर खाटेला खिळलेली, आणि खूण डाव्या हातानं. मास्तर जिन्याचा विषय काढत नसत.

परवा पुण्याहून पुतणी श्रुती आली. यल्लव्वाचा डोळा लागला होता. श्रुतीनं मोबाइलमध्ये सतरा एक टाकले आणि चहा निवायच्या आत म्हणाली, "काका, वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं भाग जातोय."

"त्यो कवाच मागं पडला. दोन वर्सं झाली," मास्तर हसले आणि तिला दाखवायला जुनी वही काढली.

बाकी नऊ. खाली यल्लव्वाची खूण. मास्तर एकेक पायरी तपासत शेवटाला आले. सात त्रिक एकवीस. एक मांडून दोन हातचे घ्यायचे, तर त्यांनी दोन मांडून एक हातचा घेतला होता. चाळीस वर्षं ज्या चुकीसाठी पोरांच्या हातावर छड्या ओढल्या, तीच चूक. गुणाकार नऊनं कमी आला, शून्याच्या जागी नऊ उरले, आणि नऊ टाकणाऱ्या ताळ्याला नऊ काय नि शून्य काय, सारखंच.

श्रुती गेल्यावरही मास्तर तिथंच बसून होते. सांगावं तर खूण यल्लव्वाची, ती स्वतःलाच बोल लावणार. न सांगावं तर मरेपर्यंत फुटलेली संख्या फोडत बसायचं. आपण कोंडलो गेलो, असं त्यांना वाटलं. आपणच कुणाला कोंडून ठेवलंय, हे मात्र त्यांच्या डोक्यात अजून आलं नव्हतं.

सकाळी त्यांनी तोच भागाकार आजच्या तारखेखाली नीट मांडला. बाकी शून्य.

"यल्लव्वा, फुटली."

तिनं वही छातीवर घेतली, ओठ हलवत ताळा बघितला, डाव्या हातानं खूण केली. वही मात्र परत दिली नाही.

"ह्यो भाजक आदी येऊन गेलता की ओ."

"न्हाय."

"आलता. त्या दिशी नऊ उरलंतं. ताळ्यात नऊ म्हंजी शून्यच, म्हणून मला हसू आलं. एकडाव परत बगा म्हणणार हुते, तर तुमी म्हणलासा, मदी बोलू नगंस."

मास्तरांना आठवलं. अगदी तसंच म्हणाले होते ते.

"गाडी सांगतो," ते म्हणाले. "खुर्चीत बसवून चौघं खाली नेतील. आजच जाऊया."

यल्लव्वानं वही मिटली.

"तवा मी जिना चालत उतरत हुते," ती म्हणाली.