चूर्णाच्या डबीचं गाऱ्हाणं

मी एक स्टीलची डबी बोलतेय. पोटात चूर्ण असल्यामुळे चारचौघांत माझं नाव कुणी काढत नाही, म्हणून आज स्वतःच तोंड उघडलंय.

शकुबाईच्या लग्नात मी आहेरात आले. झाकणावर तिचं नाव घातलंय. सातारा सोडून ती नेरूळला राहायला आली, एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांदा निवडायला लागली. दिवसभर एका जागी बैठक. मुकादमाला सांगून उठायची लाज वाटे, म्हणून बाई पाणीच पीत नसे. मग चार-चार दिवस पोट साफ होईना. तेव्हा माझ्यात चूर्ण आलं. जेवण झालं की एक चमचा. अशी अकरा वर्षं गेली. पाहुण्यांकडे गेली तरी मी तिच्या पिशवीत, साडीच्या घडीत असायची.

गेल्या वर्षी तिचं अंग जड झालं. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, भर उन्हात थंडी वाजायला लागली. एका चमच्याचे दोन झाले. सून उज्वला तिला दवाखान्यात घेऊन गेली. मी तिच्या मांडीवरच्या पिशवीत होते.

"पोट साफ होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हुतंय की, रोजच्या रोज."

"कुठलं औषध चालू आहे?"

"काय बी न्हाई बाई. आजवर गोळीला हात लावला न्हाई."

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. झाकणावर स्वतःचं नाव, आणि ओळखसुद्धा दाखवू नये? चूर्ण म्हणजे काय औषध आहे का, असा तिचा हिशेब. ताकापुरती आजी म्हणतात, ती मीच.

रक्त कमी निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी पोट आणखी आवळलं. दोनाचे चार चमचे झाले. तीन महिन्यांनी शकुबाई कांद्याच्या ढिगाशेजारीच कोसळली.

या खेपेला उज्वलाने मला थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटलं. "आत्या रोज हे खातात. चार-चार चमचे."

बाईंनी मग सगळं पहिल्यापासून विचारलं, पुन्हा रक्त तपासलं. थायरॉइड मंदावलेलं निघालं.

"त्यानेच पोट इतकं बिघडलं होतं, आणि तुम्ही ते चूर्णाने झाकत राहिलात," बाई म्हणाल्या. "मला पहिल्याच दिवशी सांगायचं ना!"

ऐकून मला रडू आलं. मी इमानाने राबत होते, आणि माझ्याच हातून तिने स्वतःचं दुखणं लपवून घेतलं. असा विश्वासघात शत्रूचाही होऊ नये.

आता ती सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, पाणी पिते, मुकादमाला सांगून खुशाल उठते. चूर्ण हळूहळू सुटलं. चेहऱ्याची सूज उतरली. वाटलं, शहाणी झाली.

काल शेजारच्या जयमालाबाई आल्या. तोंड सुजलेलं, अंगात दोन स्वेटर. आठ दिवस पोट साफ नाही, म्हणून रडकुंडीला आलेल्या. शकुबाईने मला त्यांच्या हातात कोंबलं.

"चमचाभर घ्या जेवल्यावर. आमची अकरा वर्सं ह्याच्यावरच गेली. आन् डाक्टरीणबाईला सांगू नगा, लई वराडत्यात."

आज जयमालाबाई दवाखान्याच्या बाकावर बसल्यात. मी पिशवीत आहे. त्यांच्या आधी एकच पेशंट उरलाय. जयमालाबाई, डॉक्टरीणबाई विचारतील तेव्हा माझं नाव सांगा हो.