उजवी काठी

आमच्या फुटबॉल क्लबने ओळीने अकरा सामने हरून दाखवले, तेव्हा कुठे मालकांनी मॅनेजरला नारळ दिला. बातमी सोमवारी सकाळी आली. सोमवारी सलूनला सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी दोन्ही फिरत्या खुर्च्या आमच्या ताब्यात असतात. एकीत ड्रॉइंग मास्तर होते, दुसरीत पंच. पंच म्हणजे आमचा प्लंबर. वीस वर्षांत मैदानावरच्या पंचाचा एकही निर्णय त्याला पटलेला नाही, म्हणून ते नाव पडलं. सलूनवाला आरशाला टेकून उभा होता आणि मी बाकावर बसलो होतो. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. दुकान दहाला उघडतं, तोवर मी क्लबचा.

मास्तरांनी पेपर मोठ्याने वाचला. नवा मॅनेजर जवळजवळ ठरल्यात जमा होता. नाव वाचून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग बाकीच्या दोघांनीही. ते नाव माझ्या भाऊजींचं होतं, माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं.

पंचाने कपाळावर हात मारला. या माणसाला सगळीकडे 'कुलूप' म्हणतात, एक गोल झाला की अकराच्या अकरा जण मागे नेऊन उभे करतो, आता आपण हरणार नाही पण झोपा काढू, असं बरंच काही तो बोलला. मास्तरांनी त्यात भर घातली. बोलता बोलता सलूनवाला मध्येच थांबला आणि म्हणाला, जाऊ द्या, आता हा घरचा माणूस झाला, याच्यासमोर बोलायची चोरी.

ते मला लागलं. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. भाऊजी तीन वर्षं घरी बसून होते. ताईने ती वर्षं कशी काढली ते मी पाहिलं होतं. हा माणूस कपडे वाळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा आणि स्वयंपाकघरातले डबे दर आठवड्याला नव्या रचनेत मांडायचा. ही नोकरी मिळाली नाही तर ताईला वेड लागेल, अशी वेळ आली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं, की बावीस वर्षं ज्यांच्या खांद्याला खांदा लावून मी मैदानाच्या उत्तरेकडच्या कठड्याशी उभा राहिलो, ते तिघं माझ्यासमोर पाहुण्यासमोर बसावं तसे सावरून बसले होते.

आमची एक पद्धत आहे. नवा मॅनेजर आला, की आम्ही त्याच्यासाठी एक मोठं कापड रंगवतो. त्यावर एकच ओळ असते, शक्य तेवढी झोंबणारी. ज्याची ओळ निवडली जाते, त्याच्या हातात कापडाची उजवी काठी. बावीस वर्षांत ती काठी माझ्या हातात कधी आली नव्हती. मला ओळी सुचत नाहीत. मी काचा घासणारा माणूस.

मी म्हणालो, मी आधी क्लबचा, मग नातेवाइकांचा. पंच हसला आणि म्हणाला, मग सिद्ध कर. तिथेच माझी जीभ सुटली.

तीन वर्षांपूर्वी भाऊजींचा आधीचा संघ अंतिम सामन्यात पेनल्टींवर हरला होता. पेनल्टी सुरू होताना भाऊजी मैदानावर दिसले नाहीत. पोट बिघडलं होतं, असं नंतर सांगण्यात आलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. खरी गोष्ट वेगळी होती. ते खेळाडूंच्या खोलीमागच्या न्हाणीघरात शिरले, दाराला कडी घातली आणि बाहेरचा आवाज कानावर पडू नये म्हणून नळ पूर्ण सोडून तिथेच उभे राहिले. सगळं संपल्यावर साहाय्यकाने दार ठोठावून त्यांना निकाल सांगितला. ही गोष्ट त्यांनी फक्त ताईला सांगितली होती आणि ताईने फक्त मला. सांगताना ती आधी हसली होती, मग तिला रडू आवरेना. कुणाला बोलू नकोस, असं तिने दोनदा बजावलं होतं.

सलूनमध्ये मात्र कुणी रडलं नाही. मास्तर हसता हसता खुर्चीसकट गोल फिरले. पंचाने माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी बाकावरून खाली यायचा राहिलो. गंमत अशी, की पेनल्टीच्या वेळी मास्तर स्वतः मैदानाकडे पाठ करून उभे राहतात आणि सलूनवाला बोटं कानात घालतो. पण त्याची आठवण कुणाला झाली नाही आणि मीही करून दिली नाही. मी फार खूश होतो.

ओळ ठरली, 'साहेब, आधी नळ बंद करा', आणि उजवी काठी माझ्याकडे आली. बुधवारी संध्याकाळी मास्तरांच्या अंगणात आम्ही कापड रंगवलं. मास्तरांनी भला मोठा नळ काढला, तर पंच हटून बसला की मूठ उलट्या बाजूला आहे, असा नळ जगात कुणी बसवत नाही. मूठ पुसून पुन्हा काढावी लागली. मी थेंब रंगवले. निळ्या रंगाचे सव्वीस थेंब, एकेक नीट, कडा सांभाळून. कामात मी चोख आहे.

शनिवारी घरच्या मैदानावर सामना होता. भाऊजी तो बघायला येतील, असा विचार आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता, असं मला म्हणायचं आहे. पण ते खोटं होईल. मालकांनी त्यांना बोलावल्याचं शुक्रवारच्या पेपरात होतं आणि मी ते वाचलं होतं. ताई येईल हे मात्र मी धरून चाललो नव्हतो.

मध्यंतरात आम्ही कापड उभारलं. आधी आमच्या बाजूला हशा पिकला, मग शेजारच्या बाजूला. मग सगळं मैदान एका सुरात नळ बंद करायला सांगू लागलं. कारण त्यांना कुठे ठाऊक होतं? पण हसायला कारण लागतंच असं नाही. समोरच्या बाजूला पाहुण्यांच्या रांगेत भाऊजी बसले होते. त्यांनी कापड वाचलं. मला वाटलं होतं ते उठतील, रागावतील, निदान मान खाली घालतील. त्यांनी फक्त शेजारी बसलेल्या ताईकडे वळून पाहिलं.

एवढ्या लांबूनही मला ते कळलं. आपण बोललेलं जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, असं समजून चाललेला माणूस जसा बघेल, तसं त्यांनी बघितलं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती आमच्या कठड्याकडे बघत होती. कापड वर होतं आणि काठी माझ्या दोन्ही हातांत होती. मला ती सोडताही येईना, कारण सोडली असती तर कापड पुढच्या लोकांच्या डोक्यावर पडलं असतं. लाजेने कान तापतात म्हणतात, ते मी त्या दिवशी अनुभवलं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे, एवढंच मनात घोळत होतं. दार भाऊजींनी उघडलं. चेहरा थकलेला होता, पण त्यांनी मला आत घेतलं, बसवलं. ताई टेबलाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे बघून तिने अगदी बारीक मान हलवली. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, की लागूनही मी लावून घेतला नाही, कुणास ठाऊक.

भाऊजी स्वतःच बोलू लागले. काल रात्री दोघांचं फार वाजलं होतं. ताईने त्यांना सांगितलं होतं, की एकदा खालच्या मजल्यावरच्या बाईंशी बोलता बोलता तिच्या तोंडून ती गोष्ट निघून गेली आणि तिथून ती गावभर झाली असणार. पहाटेपर्यंत ते तिच्याशी बोलले नव्हते. मग त्यांना वाटलं, तीन वर्षं ती एकटी हे पोटात ठेवून होती, एकदा कुणाशी तरी बोलली तर बोलली. आज दुपारी ते मालकांना होकार कळवणार होते.

"लोक हसतील तर हसू देत," ते म्हणाले. "मैदानातल्या लोकांचं मला काही नाही. घरात खोटं नको, एवढंच मी हिला म्हटलं. ते आता मिटलं."

गप्प बसून चहा पिऊन निघायचं, एवढंच माझं काम होतं. ताईने पुन्हा मान हलवली. पण रात्रभर मनात घोळवलेलं मला एक मिनिटही जास्त बाळगवत नव्हतं.

"भाऊजी, खालच्या बाईंचा काही संबंध नाही," मी म्हणालो. "ताईने मला सांगितलं होतं. मी सलूनमध्ये बोललो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते ताईकडे बघत होते, कालच्यासारखेच.

"म्हणजे काल रात्री पुन्हा खोटं," ते म्हणाले.

ताईने हातातली घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली. भाऊजी उठले, फोन टेबलावर तसाच ठेवून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. होकार कळवायचा होता तो फोन. दुपारी काय झालं ते मला मंगळवारच्या पेपरात कळलं. मॅनेजर दुसराच कुणीतरी आला.

ताई मला दारापर्यंत सोडायला आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून थांबवलं.

"मी सांभाळून घेतलं होतं रे," ती म्हणाली. "जा आता. तुझं मन तरी हलकं झालं असेल."

मी जिना उतरलो. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, खरंच थोडं झालं होतं.