लाल चमकी, निळी चमकी

कुठल्या माकडाची शी कुठली, हे ओळखायची माकड-संवर्धन केंद्रात एकच सोय होती : चमकी. पोटाला अपाय न करणारी ही चमकी केळ्यात भरून द्यायची. म्हाताऱ्या माकडिणीला, म्हणजे आजीला, लाल, तिच्या मुलीला हिरवी आणि नातवाला, म्हणजे खादाड्याला, निळी. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात जे चमकेल ते उचलून प्रयोगशाळेत द्यायचं.

गुरुवारी तिघांना जंगलात सोडणार होते. त्यांच्या जातीची जेमतेम चाळीस माकडं तिथे उरली होती; त्यांच्यात आजार नेऊन चालणार नव्हतं. आणि नेमके लाल नमुन्यात जुलाबाचे जंतू निघाले.

"आजी इथेच राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात ते जंतू कधी जातील सांगता येत नाही. हिरवा नमुना स्वच्छ आहे. नातवाचा तेवढा आणा, चांगला निघाला तर माय-लेक पुढे जातील."

नमुने तपासणाऱ्या मुलीने लाल नळी बाजूला ठेवली. या माकडांना तिच्या बाबांनी वाढवलं होतं. हिवाळ्यात ते गेले आणि काम त्यांच्या जोडीदाराकडे आलं. त्यांना ती काका म्हणे.

"काका, निळी कुठेय?"

"सापडतच नाही. पठ्ठ्याला बद्धकोष्ठ झालंय बहुतेक."

"त्याला? दिवसभर तोंड चालू असतं त्याचं!"

तिने लाल नमुना पुन्हा भिंगाखाली धरला. लालात चार कण निळे होते.

"केळी दिल्यावर तुम्ही तिथेच थांबलात ना?"

"थांबलो की."

"कुठे?"

"चहाच्या किटलीपाशी," काका पडेल आवाजात म्हणाले.

दुसऱ्या सकाळी दोघं जाळीसमोर बसली. आजीने केळं सावकाश सोललं, खादाड्याला जवळ ओढलं आणि सगळंच्या सगळं त्याच्या तोंडात कोंबलं.

"अगं म्हातारे!" काका ओरडले. "तूच भरवतेस होय!"

मग मधली दारं लावून तिघांना वेगवेगळं खाऊ घातलं. आजीचा नमुना स्वच्छ निघाला, तिच्या मुलीचाही. म्हणजे तो लाल नमुना खादाड्याचा होता, आणि जंतूही त्याचेच.

डॉक्टरीणबाईंनी गुरुवार रद्द केला. "त्याला औषध द्या. तिघांचे तीन-तीन अहवाल स्वच्छ आले, की तिघंही एकदम जातील."

"तुझे बाबा असते, तर हा घोळ झालाच नसता," बाहेर येताना काका म्हणाले.

"झाला असता. आजीने त्यांनाही बनवलं असतं," ती म्हणाली, आणि पुढच्या नळीवर तारीख लिहू लागली.

औषध कडू होतं. खादाड्याने ते घातलेलं केळं हुंगलं आणि मोठ्या प्रेमाने दाराच्या फटीतून आजीकडे सरकवलं. आजीने पाठ फिरवली. शेवटी काकांनी औषध मधात कालवलं, तेव्हा कुठे साहेब राजी झाले.

पाचव्या आठवड्यात शेवटचा अहवाल आला. गाडी दारात उभी राहिली आणि आजी सगळ्यांच्या आधी आपल्या पेटीत जाऊन बसली.

"एवढी वर्षं आमच्या हातचं खाल्लंस, एकदा वळून तरी बघ!" काका म्हणाले.

आजीने काही बघितलं नाही. तिला घाई होती. नमुने तपासणाऱ्या मुलीने हसतच पेटीची कडी लावली.