पायाळूची लाथ

पौर्णिमानं मोबाइल बाजेवर किसनरावांच्या मांडीशी सरकवला आणि खुर्ची आणखी पुढं ओढली.

"आबाजी, कंबरमोडीचं परत सांगा. पाला वाटायचा की चोळायचा?"

"चोळाचा वो! तळहातावर चोळून जखमेवर पिळाचा. रगत जागीच थांबते."

काय माणूस होता! नांदगाव खंडेश्वरला एसटी बदलून किसनरावांच्या गावात पोचल्यापासून पौर्णिमाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. अमरावतीच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि सुट्टी मिळाली की गावठी औषधं विचारत हिंडायची. बाकीचे म्हातारे एक सांगून दहा लपवत. हे ऐंशीचे किसनराव मात्र सकाळपासून बाजेवर बसून नुसते सांगत सुटले होते. निर्गुडीचा शेक झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, एरंडाचं पान झालं. जेवणाचं ताटसुद्धा त्यांनी बाजेवरच मागवलं. सून शकुन दोनदा दारातून डोकावून गेली.

आणि खरी गंमत तर पुढंच होती. किसनराव पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेले. अशा माणसानं पाठीत हलकी लाथ घातली की भरलेली उसण उतरते, हे पंचक्रोशीत कुणालाही विचारा. सरपंचापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांनी त्यांची लाथ हसतहसत खाल्ली होती. आज एखादी तरी बघायला मिळावी म्हणून पौर्णिमा देव पाण्यात ठेवून बसली होती.

तेवढ्यात शेजारचे वामनराव कमरेवर हात ठेवून, वाकडे होतहोत दारात आले.

"किसनभाऊ, मेलो बाप्पा! उसण भरली. घाल एक लाथ."

पौर्णिमानं टाळी वाजवायचीच काय ती बाकी ठेवली.

"थांब ना जरा," किसनराव म्हणाले. "या बाईले अडुळसा सांगून राहिलो."

"अडुळसा काय पळून जाते का? ऊठ!"

"मांगं परसातून ताजा पाला तोडून आण, जाय. बाईले दाखवाचा हाय."

वामनराव कण्हत, शिव्या घालत परसात गेले. उसण भरलेल्या माणसाला पाल्यासाठी पिटाळायचं? पौर्णिमानं नीट पाहिलं. किसनरावांनी बाजेची कड घट्ट धरली होती आणि कपाळ घामानं डबडबलं होतं. हा माणूस सकाळपासून एकदाही उठला नव्हता!

"आबाजी, तुमचीच पाठ धरली आहे."

"हळू बोल, माय!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "सारी जिंदगी लोकायच्या पाठी मोकळ्या केल्या. आता हा वामन्या गावभर बोंबलन का पायाळूलेच उसण भरली. कोण येईन मंग माह्या दारात?"

"गावात दुसरं कुणी पायाळू नाही?"

"कोनीच नाही."

पौर्णिमा जन्मली होती ती सरळ डोक्याकडून, चारचौघींसारखी. पण म्हाताऱ्याचं ते तोंड तिला बघवेना.

"मी आहे ना! मी पायाळू आहे."

किसनरावांनी बाजेवरच तिच्याकडं पाठ वळवली. वडीलधाऱ्या माणसाला पाय लावायचा! तिनं आधी हात जोडले, मग डोळे मिटून टाच त्यांच्या कमरेला टेकवली.

"गुदगुल्या काहून करून राहिली? घाल जोरानं!"

तिनं घातली. किसनराव कळवळले, बाजेची कड धरून उठले आणि उभे राहिले. चक्क उभे! कमरेत इकडून तिकडं वळून पाहिलं आणि लहान पोरासारखे हसले.

"उतरली वो!"

बाजेला टेकलेली काठी तिथंच सोडून ते परसात गेले. क्षणभरानं वामनराव ओरडले, "हाय रे देवा! मोकळा झालो, भाऊ, मोकळा झालो!"

पौर्णिमाला हसू आवरेना. हे आता कॉलेजात सांगायचं तरी कसं, असं म्हणत तिनं मोबाइल उचलला, तेव्हा मागं दाराची कडी लागली.

शकुन आत आली होती. ती खाली जमिनीवर, पौर्णिमाकडं पाठ करून बसली.

"आयकलं मी, ताई. लग्नापासून माही पाठ अशीच धरून हाय. साऱ्या गावाले गुण येते, पण सुनेनं सासऱ्याचा पाय कसा लावून घ्याचा?"

पौर्णिमाचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"शकुनताई, अहो, मी काही..."

शकुननं पदर कमरेला खोचला, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि मान खाली घातली.

"मारा लवकर. मामाजी येतीन."