पहिला हात

टबातून दोराचं टोक काढून त्याने मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले.

“चला. फौजदार तयार आहेत का?”

“तयार!” मुलगी पिशवीचं तोंड दोन्ही गुडघ्यांत धरून बसली होती.

रविवारची बाकीची कामं उरकली होती. पाच दिवसांचे पाच शर्ट इस्त्री होऊन हँगरला लागले होते, मुलीच्या शाळेचे मोजे जोडीजोडीने गुंडाळून झाले होते, डबे धुऊन पालथे घातले होते. फ्रिजवरच्या कागदावर येणारा आठवडा मांडला होता आणि सोमवारच्या चौकोनात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : चौदा मजली, पूर्वेची बाजू. राहिला होता तो दोर. उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या माणसाच्या घरी रविवार दोराने संपतो, निदान या घरी तरी.

पद्धत त्यानेच घालून दिली होती. टबातून निघालेला दोर आधी त्याच्या बोटांतून जायचा, तो पहिला हात. मग बायको, दुसरा हात. शेवटी मुलगी, तिसरा हात, आणि तिथून पिशवीत. तिघांनीही डोळे मिटून बसायचं. डोळे कंटाळतात, रोजच्या गोष्टीकडे काणाडोळा करतात, बोटं तसं करत नाहीत, असं त्याचं म्हणणं. कुणाला ओरखडा किंवा सैल वीण लागली तर त्याने ‘थांब’ म्हणायचं. आजवर तशी वेळ क्वचितच आली होती, आणि त्यातली एक तर चिकटलेल्या गोळीच्या कागदामुळे. गोळी कुणाची, याचा तपास अजून लागला नव्हता, कारण तपास करणारे फौजदारच संशयित होते.

आज मात्र बायकोचे डोळे उघडे होते. दोर तिच्या बोटांतून सरकत होता आणि ती नवऱ्याच्या हातांकडे बघत होती.

बुधवारी त्याच्या बोटावर चांगला टपोरा फोड दिसला होता. कशाने भाजलं म्हणून विचारलं, तर तो त्या फोडाकडे दुसऱ्या कुणाचं बोट असावं तसा बघत राहिला. मग तिच्या एकेक लक्षात येत गेलं. हा हल्ली बटणं काढत नाही, शर्ट तसाच डोक्यावरून ओढतो. खिशात किल्ली चाचपत नाही, सगळा खिसा टेबलावर रिकामा करतो. बारा वर्षं गार पाण्यात आणि डाग काढायच्या औषधात बुडालेले हात ते. विचारलं असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं, आणि खरं सांगायचं तर विचारायचीच तिला धास्ती वाटत होती. म्हणून सकाळी तो बाहेर पडल्यावर तिने शिलाई मशीनवरचं रीळ घेतलं आणि दोराच्या मध्यावरच्या निळ्या खुणेपासून हातभर पुढे पांढरा धागा बारा वेळा घट्ट गुंडाळला. पांढऱ्या दोरावर पांढरा धागा. डोळ्यांना सहजी दिसणार नाही, पण बोटाला तांदळाच्या दाण्याएवढा तरी लागेल.

निळी खूण टबाच्या काठावर आली. लागू दे, ती मनातल्या मनात म्हणाली, लागू दे रे देवा. ‘थांब’ म्हणू दे, मग वर्षभर मला चिडवलं तरी चालेल.

खूण त्याच्या बोटांतून गेली. मागून हातभर दोर गेला. त्याची बोटं थबकलीसुद्धा नाहीत. तो मुलीला शाळेच्या सहलीबद्दल काहीतरी विचारत होता.

धाग्याचा उंचवटा तिच्या चिमटीत आला. नियमाप्रमाणे आता तिने बोलायला हवं होतं. तो एक शब्द काही तोंडातून फुटेना. तिने उंचवटा तसाच पुढे जाऊ दिला.

“थांब!” मुलगी ओरडली.

“काय सापडलं, फौजदार?”

“धागा आहे. आईच्या मशीनचा. गुंडाळलाय कुणीतरी.” तिने तो नखाने सोडवला आणि फ्रॉकच्या खिशात टाकला.

तो हसला. “तुझ्या आईचा धागा या घरात कुठे नसतो? परवा माझ्या चहात होता.”

मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं. त्याने डोळे उघडले. उसवलेला टाका अंधारात हाताने शोधणारी त्याची बायको समोर बसली होती.

“तुला नाही लागला?”

“लागला.”

“मग बोलली का नाहीस?”

तो तिच्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या हातांकडे.

“बाळा, मला जरा पाणी आण,” तो मुलीला म्हणाला. ती आत गेल्यावर त्याने आवाज खाली आणला. “कधी कळलं तुला?”

“बुधवारी. तुम्हाला?”

“उन्हाळ्यात.”

आता थंडी सुरू झाली होती. मधले रविवार तिने मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले.

“आणि तसेच वर जाताय? काही बोलायचं नाही, सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस का? अगं, पकड चांगली आहे, ताकद आहे. बारीकसारीक तेवढं कळत नाही. आणि दोराचं म्हणशील, तर तू आहेस ना माझ्या मागे. तुझ्या बोटांतून काही सुटत नाही. त्या भरवशावर निर्धास्त होतो बघ मी.”

या सगळ्या रविवारी ती कशी बसली होती, ते तिला आठवलं. रेडिओ लावून. दुसऱ्या दिवशी द्यायचे कपडे मनातल्या मनात बेतत. दोर हातातून नुसता वाहत असायचा. लक्ष कशाला द्यायचं, त्याची बोटं आधीच फिरलेली असायची ना त्याच्यावरून. आणि लेक तर दोघांच्याही मागे.

“अहो,” ती म्हणाली, “मी तुमच्या भरवशावर होते.”



मुलगी पाणी घेऊन आली. “पुढे चालू करायचं का?”

“नाही.” बायकोने पिशवी उचलून टबात पालथी केली. “पुन्हा पहिल्यापासून.”

ती त्याच्या स्टुलावर बसली. तो मुकाट्याने उठला आणि पिशवी धरून शेवटच्या जागेवर जाऊन बसला. वाद घातला असता तर तिला कमी भीती वाटली असती. मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत मधल्या जागेवर आली.

बायकोने रेडिओ बंद केला आणि डोळे मिटले. दोराची प्रत्येक वीत तिने चिमटीत फिरवून बघायला सुरुवात केली. दहा मीटर गेले, वीस गेले. मग तिची बोटं थांबली. मागे आली, पुन्हा पुढे गेली. तिथे दोर मऊ पडला होता. वीण दाबली की आत जात होती.

“थांब,” ती हळूच म्हणाली.

“माझ्याकडून धागा राहिला असेल, आई.”

धागा फ्रॉकच्या खिशात होता. आणि निळी खूण अजून टबातून वर यायची होती.